देसूरच्या काळ्या दगडापासून सुरुवात: ज्वालामुखी खडकांत सबडक्शनच्या पाण्याचा माग कसा काढायचा

बेळगावात बसून सबडक्शन शिकायचं म्हटलं की लोक हसतात. त्यांचं फारसं चुकतही नाही. एक प्लेट दुसरीच्या खाली शिरते आहे आणि वर ज्वालामुखी धुमसतो आहे, हे देशात बघायचं तर अंदमान गाठावं लागतं. आपल्या पायाखाली आहे तो दख्खनचा बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, खंडाच्या पोटातून भेगांवाटे वर आलेला. बुडणाऱ्या प्लेटशी त्याचा काही संबंध नाही.

पण नवख्याने सुरुवात इथूनच करावी, असं माझं मत आहे. ज्या दगडात बुडत्या प्लेटचं पाणी नाही हे पक्कं ठाऊक आहे, तो ओळखायला आधी शिका. पोरं उलट करतात. पहिल्याच आलेखात नायोबियमचा खड्डा (शेजारच्या मूलद्रव्यांच्या मानाने खाली गेलेला आकडा) दिसला की ‘सर, सबडक्शन!’ म्हणून फोन येतो.

हे लिहितोय ते बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या किंवा एम.एस्सी.चा पहिला प्रकल्प हातात घेतलेल्या मुलामुलींसाठी. खानापूर, निपाणी, चिकोडी, गाव कुठलंही असो. एक्सेल येत असेल आणि भागाकार करायचा कंटाळा नसेल तर एवढं भांडवल पुरे.

आधी पाण्याची गोष्ट

समुद्रतळाचा बेसाल्ट कोट्यवधी वर्षं खाऱ्या पाण्यात भिजत पडलेला असतो. भेगांतून पाणी आत जातं, मूळ खनिजं बदलतात आणि त्यांच्या जागी चिकणमाती, क्लोराइट अशी पाणी धरून ठेवणारी खनिजं तयार होतात. वर गाळाचा थर साचतो. ही सगळी चळत खाली शिरू लागली की दाब आणि उष्णता वाढते, खनिजं मोडतात आणि त्यांतलं पाणी सुटतं. ते वरच्या प्रावरणात (कवचाखालच्या जाड थरात, मँटलमध्ये) घुसतं. कोरड्या प्रावरणाला वितळायला जेवढं तापमान लागतं, त्यापेक्षा कितीतरी कमी तापमानाला ओलं प्रावरण वितळतं. म्हणून अशा ज्वालामुखींच्या रांगा बुडत्या प्लेटच्या वर ठरावीक अंतरावर उभ्या दिसतात. ज्वालामुखीच्या खाली प्लेट सरासरी १०० किलोमीटर खोल असते.

लाव्हा बाहेर आला की त्यातलं बहुतेक पाणी वाफ होऊन निघून जातं. म्हणजे आपण ज्याला शोधतोय तो घरात नाही. त्याने येताना आणलेलं सामान मात्र तिथंच पडलेलं असतं, आणि आपण ते सामान मोजतो. हे सामान म्हणजे लेश मूलद्रव्यं. दगडात दहा लाखांत काहीशे भाग, कधी एका भागाहूनही कमी. मोजमाप पीपीएममध्ये.

कोण उतरतं, कोण बसून राहतं

सकाळच्या खानापूर–बेळगाव बसची आठवण करा. सिलिकॉन, मॅग्नेशियम, लोह यांच्या शिटा ठरलेल्या. बेरियम, थोरियम, नायोबियम, लॅन्थनम हे डोक्यावर पाटी घेऊन दारात उभे असलेले. आकार किंवा विद्युतभार जुळत नाही म्हणून प्रावरणाच्या खनिजांत त्यांना जागा नाही. खडक थोडासा वितळला, म्हणजे दार उघडलं, की हे सगळे आधी उतरतात. दगड थोडा वितळला काय, जास्त वितळला काय, नंतर मॅग्मातून ऑलिव्हिनचे स्फटिक खाली बसले काय, या उभ्या मंडळींचं एकमेकांशी असलेलं प्रमाण फारसं बदलत नाही. आपली सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे. म्हणून एकेकट्या आकड्याकडे बघायचं नाही, दोघांचा भागाकार बघायचा.

आता त्याच बसवर पाऊस पडला असं समजा. काहीजण पाण्याबरोबर वाहून जातील, काहीजण दांडा धरून राहतील. सीझियम, रुबिडियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम, युरेनियम, शिसं आणि बोरॉन ही पाण्याबरोबर जाणारी. नायोबियम, टँटलम, झिर्कोनियम, टायटॅनियम, यटर्बियम ही न हलणारी. नायोबियम आणि टँटलम तर रुटाइल नावाच्या खनिजात अडकून बुडत्या प्लेटमध्येच राहू शकतात.

थोरियमची जात जरा वेगळी, आणि तेच आपल्या सगळ्यात जास्त कामाचं. साध्या पाण्यात ते सहसा जात नाही. पण प्लेटवरचा गाळच वितळला तर त्या वितळलेल्या द्रवातून मजेत वर येतं. म्हणून बेरियम/थोरियम जास्त असेल तर पाण्याचा हात, आणि थोरियम/नायोबियम जास्त पण बेरियम/थोरियम साधारण असेल तर गाळाचा हात, असा पहिला अंदाज बांधता येतो. पॅसिफिकमधल्या मारियाना बेटांवर टिम एलियट आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली हे दोन हात वेगळे करून दाखवले. एकाच रांगेतली बेटं, पण ग्वुग्वान पाण्याच्या बाजूला आणि अग्रिहान गाळाच्या बाजूला.

पहिली पायरी: दगड उचलताना

इथं मी थोडा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक प्रकल्प याच पायरीवर बिघडतात आणि ते कळतं सहा महिन्यांनी.

बेळगाव–खानापूर रस्त्यावरचं देसूर तुम्हाला रेल्वे स्टेशनमुळे माहीत असेल. दख्खनच्या थरांचं जे रासायनिक वर्गीकरण आहे, त्यात वाई उपगटातल्या सगळ्यात वरच्या थराला ‘देसूर’ असं नाव आहे. पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा आणि मग आपलं देसूर. काहीजण त्याला स्वतंत्र फॉर्मेशन मानत नाहीत, तो वाद राहू दे. नाव आपल्या गावाचं आहे, तेव्हा पहिला नमुना तिथलाच घ्या.

एकदा त्या भागातल्या खाणीत मी एक सुरेख तांबूस तुकडा पिशवीत टाकत होतो. खडी फोडणारे एक मामा बघत उभे होते. म्हणाले, ‘‘काळा दगूड न्या की सर, हे तांबडं कशाला नेतायसा? ह्यो कुजलाय.’’ मग त्यांनी हातोडा घेऊन दोन दगडांवर मारून दाखवला. एक ठण्ण वाजला, दुसरा बद्द. त्या दिवसापासून बद्द वाजणारा दगड मी उचलत नाही.

मामा म्हणाले ते रसायनशास्त्राच्या भाषेत असं: जी मूलद्रव्यं बुडत्या प्लेटच्या पाण्याबरोबर जातात, तीच आपल्या पावसाबरोबरही जातात. बेरियम, स्ट्रॉन्शियम, रुबिडियम, पोटॅशियम, युरेनियम, सगळी. जांबोटी–कणकुंबीच्या बाजूला जो जांभा दिसतो, तो ही धुलाई शेवटपर्यंत झालेला दगडच आहे. लोह, ॲल्युमिनियम, टायटॅनियम मागे राहिलं, बाकीचं वाहून गेलं. अर्धवट धुतलेल्या बेसाल्टचं विश्लेषण केलंत तर तुम्ही १०० किलोमीटर खोलीवरचं पाणी मोजत नसता, मागच्या श्रावणातलं मोजत असता.

म्हणून कांद्यासारखे पापुद्रे सुटलेल्या गोट्यांचा फक्त आतला गाभा घ्यायचा. पांढरे, हिरवट ठिपके असलेला दगड टाळायचा. ते बुडबुड्यांच्या पोकळ्यांत मागाहून भरलेलं झिओलाइट किंवा कॅल्साइट असतं. किलोभर तरी घ्या, जागेवरच बाहेरची कातडी काढा. नाव दगडावर मार्करने लिहू नका, पिशवीवर लिहा. रंग दिलेल्या हातोड्याचा रंग दगडाला लागला तर तो भाग फोडून टाका, रंगात शिसं असू शकतं.

प्रयोगशाळेतून आकडे आले की आधी ‘जाळल्यावर घटलेलं वजन’ हा रकाना बघा. ताज्या बेसाल्टमध्ये ते एक-दीड टक्क्याच्या आसपास असतं. तीनच्या वर गेलं असेल तर त्या नमुन्याच्या बेरियमवर प्रबंध लिहू नका.

दुसरी पायरी: कुटताना आणि विरघळवताना

माझ्या पहिल्या नमुन्यात नायोबियम/टँटलम ५ च्या आसपास आलं. बहुतेक बेसाल्टमध्ये ते १५ ते १७ असतं. चार दिवस मी नवा शोध लागल्याच्या नशेत होतो. पाचव्या दिवशी एका सीनियर मैत्रिणीने विचारलं, ‘‘पूड कशात केलीस रे?’’ टंगस्टन कार्बाइडच्या मिलमध्ये केली होती. त्या भांड्यातून टंगस्टन आणि कोबाल्टबरोबर टँटलमही पुडीत उतरतं. माझा शोध म्हणजे त्या भांड्याची झीज होती. पुन्हा अगेटच्या भांड्यात पूड केली, वेळ तिप्पट लागला, आणि आकडा मुकाट्याने १६ वर येऊन बसला.

मुख्य ऑक्साइडं एक्सआरएफवर (क्ष-किरण पाडून मोजणारं यंत्र) आणि लेश मूलद्रव्यं आयसीपी-एमएसवर (द्रावण प्लाझ्मात नेऊन अणू वजनाप्रमाणे मोजणारं यंत्र), अशी विभागणी सध्या रूढ आहे. आयसीपी-एमएससाठी साधारण ५० मिलिग्रॅम पूड टेफ्लॉनच्या डबीत हायड्रोफ्लुओरिक आणि नायट्रिक आम्लात विरघळवतात. हे काम एकट्याने कधीही करायचं नाही. हायड्रोफ्लुओरिक सांडलं तर कधी सुरुवातीला दुखतही नाही, आणि तोवर ते आत जाऊन शरीरातलं कॅल्शियम ओढत असतं. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल टेबलावर दिसत नसेल तर त्या खोलीत पाऊल टाकू नका, कोणी कितीही घाई केली तरी.

बोरॉन हवं असेल तर आधीच सांगा. एक्सआरएफची काचेची चकती लिथियम बोरेट घालून बनवतात, त्यामुळे तिच्यात बोरॉन आणि लिथियम मोजण्यात अर्थ नाही. नेहमीच्या प्रयोगशाळेतली काचही बोरोसिलिकेटच. त्यासाठी वेगळी पद्धत लागते.

तिसरी पायरी: तीन ओळखीच्या दगडांवर सराव

स्वतःचे आकडे हातात येण्याआधी हे करा. प्रत्येक प्रयोगशाळेत तपासणीसाठी काही प्रमाण-दगडांच्या पुड्या ठेवलेल्या असतात, आणि त्यांचं रसायन जगभर शेकडो वेळा मोजलेलं आहे. त्यांतले तीन मी नेहमी घेतो. बीएचव्हीओ-२ हा हवाईच्या किलाउएआ ज्वालामुखीचा, तिथं सबडक्शन नाही. जेबी-२ हा जपानच्या इझु-ओशिमाचा, खाली पॅसिफिक प्लेट बुडते आहे. बीसीआर-२ हा अमेरिकेतल्या पोर्टलंडजवळच्या खाणीतला, कोलंबिया नदीच्या खोऱ्यात पसरलेल्या लाव्हाचा. खंडावरचा, थरांवर थर, म्हणजे आपल्या दख्खनचा लांबचा चुलतभाऊ.

आकडे पीपीएममध्ये, थोडे ढोबळ करून:

| | बीएचव्हीओ-२ | जेबी-२ | बीसीआर-२ |
|---|---|---|---|
| बेरियम | १३१ | २१८ | ६८४ |
| थोरियम | १.२२ | ०.२६ | ५.८ |
| युरेनियम | ०.४० | ०.१५ | १.७ |
| नायोबियम | १८ | ०.५६ | १२.४ |
| लॅन्थनम | १५.२ | २.३ | २५ |
| सिरियम | ३७.५ | ६.६ | ५३ |
| शिसं | १.६ | ५.२ | १०.६ |
| स्ट्रॉन्शियम | ३९६ | १७८ | ३३७ |
| निओडिमियम | २४.५ | ६.४ | २८.७ |

आधी सिरियम/शिसं करा. आल्ब्रेख्ट हॉफमन आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली दाखवलं की समुद्रमध्य पर्वतरांगांचे आणि हवाईसारख्या बेटांचे बेसाल्ट घेतले तर हे प्रमाण २५ च्या आसपास येतं, पाच इकडे पाच तिकडे. बीएचव्हीओ-२ चं येतं २३. ठीक. जेबी-२ चं १.३. कारण शिसं पाण्याबरोबर वर आलंय, सिरियम फारसं आलेलं नाही. नायोबियम/लॅन्थनम बघा: हवाईचं १.२, ओशिमाचं ०.२४. स्पायडर डायग्रामवर (सगळी मूलद्रव्यं एका ओळीत मांडलेला आलेख, पुढे येतोच) दिसतो तो नायोबियमचा खड्डा हाच.

आता बीसीआर-२. सिरियम/शिसं ५, नायोबियम/लॅन्थनम ०.५. खड्डा आहे, शिशाचा उंचवटाही आहे. थोरियम/नायोबियम केलंत तर ०.४७ येतं, आणि ओशिमाचं ०.४६! इथंच फोन येतो, ‘सर, सबडक्शन!’

थांबा. बेरियम/थोरियम करा. ओशिमाचं ८०० च्या पुढे जातं. बीसीआर-२ चं ११८, म्हणजे जवळजवळ हवाईएवढंच, तिथं ते १०७ आहे. युरेनियम/थोरियम: ओशिमा ०.५८, बीसीआर-२ ०.२९. स्ट्रॉन्शियम/निओडिमियम: २८ आणि १२. शिसं सोडलं तर पाण्याबरोबर जाणारी मंडळी बीसीआर-२ मध्ये थोरियमच्या मानाने वाढलेलीच नाहीत. वाढलंय ते थोरियम, आणि त्याच्याबरोबर शिसं. म्हणजे खंडाच्या कवचाची किंवा गाळाची छाप. ती मॅग्माने वर येताना कवच खाल्ल्यामुळे, की प्रावरणातच फार पूर्वी मिसळलेली, यावर कोलंबिया नदीच्या बेसाल्टबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण ताज्या पाण्याची सही ही नव्हे.

आपल्या दख्खनमध्येही हे सोंग भेटतं. लोणावळा उपगटातला बुशे थर खंडीय कवचाची भेसळ झालेल्या बेसाल्टचं ठळक उदाहरण. पोलादपूरमध्येही भेसळ आहे. आंबेनळी त्या मानाने स्वच्छ. तेव्हा सह्याद्रीच्या दगडात खड्डा दिसला तर कवच आधी आठवा.

हे तीन स्तंभ कागदावर, कॅल्क्युलेटर न घेता, एकदा तरी करून बघा. भागाकार हाताने केला की कुठला आकडा वर होता आणि कुठला खाली, हे डोक्यात बसतं.

चौथी पायरी: आलेख

स्पायडर डायग्रामसाठी सन आणि मॅकडोनो यांचे १९८९ चे आकडे बहुतेकजण वापरतात. आपल्या नमुन्याच्या प्रत्येक आकड्याला त्यांच्या आदिम प्रावरणाच्या (कवच वेगळं होण्याआधीच्या प्रावरणाच्या) आकड्याने भागायचं आणि लॉग मापावर मांडायचं. यात अवघड काही नाही.

त्यापेक्षा ज्युलियन पिअर्स यांच्या थोरियम/यटर्बियम विरुद्ध नायोबियम/यटर्बियम या आलेखावर वेळ घालवा. सबडक्शन नसलेले समुद्रतळाचे आणि बेटांचे बेसाल्ट तिथं एका तिरक्या पट्ट्यात बसतात. पट्ट्याच्या वर गेलेला दगड म्हणजे त्यात जादा थोरियम आलं. कुठून आलं, हे आलेख सांगत नाही. ते बेरियम/थोरियमला विचारायचं. गाळ भरपूर असलेल्या रांगांत बेरियम/थोरियम कमी असू शकतं, म्हणजे ते कमी आलं म्हणून सबडक्शन नाही असंही ठरत नाही.

मॅग्नेशियम ऑक्साइड ५ टक्क्यांखाली असलेले नमुने सुरुवातीला बाजूला ठेवा. प्लॅजिओक्लेज या खनिजाचे स्फटिक बनताना ते स्ट्रॉन्शियम आत ओढून घेतं, मग स्ट्रॉन्शियम/निओडिमियम खोटं बोलू लागतं.

आपल्याकडच्या धारवाड पट्ट्यांतल्या अडीच अब्ज वर्षांहून जुन्या हिरव्या खडकांवर हाच आलेख लावून त्या काळात सबडक्शन होतं की नव्हतं यावर वाद चालतात. तुम्हीही लावाल. फक्त त्या दगडांनी इतकी उष्णता आणि इतकं पाणी सोसलंय की बेरियम, रुबिडियम, शिसं यांवर विसंबता येत नाही. थोरियम, नायोबियम आणि विरल मृदा मूलद्रव्यं (लॅन्थनम, सिरियम, निओडिमियम वगैरे) एवढ्यावरच बोलावं लागतं, आणि पाणी की कवच हा प्रश्न त्यामुळे अर्धाच सुटतो.

खात्री करायची असेल तर

तरुण ज्वालामुखींसाठी आणखी तीन साधनं आहेत. बेरिलियम-१० वातावरणात वैश्विक किरणांमुळे बनतं, पावसातून समुद्रतळाच्या गाळात बसतं, आणि त्याचं अर्धायुष्य सुमारे १४ लाख वर्षांचं. निकाराग्वाच्या ताज्या लाव्हात ते सापडलं, म्हणजे गाळ खाली जाऊन काही दशलक्ष वर्षांत पुन्हा वर आला. कवच खाऊन ही सही मिळत नाही, कारण जुन्या कवचात बेरिलियम-१० उरलेलंच नसतं.

रेडियम-२२६ चं अर्धायुष्य १६०० वर्षं. टोंगासारख्या रांगांच्या लाव्हात ते मूळच्या थोरियम-२३० च्या हिशेबापेक्षा जास्त सापडतं, आणि सात-आठ हजार वर्षांत हे जास्तीचं संपून जातं. म्हणून प्लेटमधून सुटलेलं पाणी काही हजार वर्षांत पृष्ठभागापर्यंत पोचतं, असा अर्थ बरेचजण लावतात. बोरॉन तिसरं: समुद्रमध्य बेसाल्टमध्ये एखादा पीपीएम, जेबी-२ मध्ये ३० च्या आसपास. देसूरच्या दगडावर यांतली पहिली दोन चालणार नाहीत, त्याचं घड्याळ कधीच बंद पडलं.

घरबसल्या पुढचा सराव

बॅरन बेट पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १४० किलोमीटरवर आहे. १७८७ मध्ये त्याचा उद्रेक नोंदला गेला, मग दीर्घ शांततेनंतर १९९१ मध्ये पुन्हा जाग आली. तिथं हातोडा घेऊन उतरण्याची परवानगी तुम्हाला-मला मिळणं कठीण. पण जर्मनीतल्या गटिंगेनहून चालणाऱ्या जिओरॉक या संग्रहात जगभरच्या ज्वालामुखी खडकांची प्रसिद्ध विश्लेषणं फुकट उतरवून घेता येतात. बॅरनचा एक संच, दख्खनच्या वाई उपगटाचा एक आणि मारियानाचा एक घ्या. तिन्ही पिअर्सच्या आलेखावर वेगळ्या रंगांत टाका. मग त्याच बिंदूंचं बेरियम/थोरियम काढा.

उतरवताना नायोबियमच्या रकान्याशेजारी पद्धत आणि वर्ष हे रकानेही घ्या. जेबी-२ चं नायोबियम जुन्या तक्त्यांत दीड पीपीएमच्या वर दिलेलं सापडतं, आयसीपी-एमएसवर ते जेमतेम अर्ध्याच्या वर येतं. इतकं कमी नायोबियम जुन्या एक्सआरएफला नीट दिसतच नसे. असे आकडे तसेच घेतले तर खऱ्या ओशिमाचा खड्डाही निम्म्याहून जास्त भरून निघतो. म्हणून १९९० च्या आधीचे एक्सआरएफ-नायोबियम २ पीपीएमखाली असतील तर मी त्या ओळी पिवळ्या करून ठेवतो आणि आलेखात घेत नाही.